वर्षाची बेगमी कशात ठेवावी: पत्र्याची कोठी, स्टील, पिंप की हवाबंद पिशवी?

मार्च-एप्रिलात नवा गहू आणि शाळू (रब्बीची ज्वारी) बाजारात उतरला की भांड्यांच्या दुकानांपुढे पत्र्याच्या कोठ्यांची रांग लागते, आणि बहुतेक गिऱ्हाईक परवडेल त्यातली सगळ्यात मोठी कोठी उचलतं. आमच्या मते पैसे वाया जातात ते इथेच. चार माणसांच्या घरात २०० किलोची एक कोठी आणण्यापेक्षा ५० किलोची तीन-चार भांडी घ्यावीत, आणि तीही सगळी एकाच जातीची नकोत. भांडं वाईट म्हणून धान्य फारसं बिघडत नाही. ते बिघडतं दोन कारणांनी: ओलसर असतानाच भरलं म्हणून, किंवा सगळा साठा ज्या भांड्यात तेच दर आठ दिवसांनी दळणासाठी उघडलं म्हणून.

आधी माप ठरवा. दुकानात ‘शंभर किलोची’ म्हणून दाखवलेल्या कोठीत कधी ८० किलोच बसतात. टेप घेऊन जा. एका लिटरच्या जागेत गहू साधारण ७५० ते ८०० ग्रॅम मावतो, म्हणजे १०० किलोला १३० लिटर जागा हवी. ४५ सेंमी व्यासाची आणि ८२ सेंमी उंचीची गोल कोठी बरोबर एवढी भरते. घराला किती लागतं याचा हिशोबही सोपा आहे. एका पोळीला ३० ते ३५ ग्रॅम कणीक लागते. रोज १२ पोळ्या होत असतील तर महिन्याला १२ किलो आणि वर्षाला १४० किलोच्या आसपास गहू. भाकरीला ७० ते ८० ग्रॅम पीठ धरा. रोज वरण होत असेल तर चौघांना १०० ते १२५ ग्रॅम तूरडाळ लागते, वर्षाची ४० किलोच्या आतबाहेर. हे आकडे आपल्या घराला लागू पडतात का, हे एक महिना दळणाची वजनं कॅलेंडरवर लिहिली की कळतं. अंदाजाने घेतलेल्या बेगमीतला तांदूळ हमखास दिवाळीलाच संपतो आणि शाळू पुढच्या वर्षापर्यंत उरतो.

आता कोठ्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची कोठी हा अजूनही सगळ्यात स्वस्त आणि उंदरांना दाद न देणारा पर्याय आहे. तिला खरे गुण तेवढे दोनच, पण खेड्यातल्या घरात, धाब्याच्या किंवा कौलारू छपराखाली, ते पुरेसे आहेत. पत्रा २४ गेजचा मागा. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. २८ गेजची कोठी अंगठ्याने दाबली तरी पोचते, आणि पोचलेल्या कोठीचं झाकण पुढे कधीच नीट बसत नाही. घेण्याआधी पेटता मोबाइल टॉर्च आत ठेवून झाकण लावा, कोठीवर चादर टाकून डोकं चादरीत घाला आणि शिवणी तपासा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथून हवाही जाईल आणि पोरकिड्याचं पिल्लूही. ठिपके तळाच्या शिवणीत असतील तर ती कोठी नको. उभ्या शिवणीत एखादा असेल तर तिथल्या तिथे डाग मारून (झाळून) घ्या.

या कोठ्यांची सगळ्यात लाडकी सोय म्हणजे खालचं तोंड आणि त्याची सरकती झडप. आमचा आक्षेप नेमका तिच्यावर आहे. जुना दाणा आधी निघावा ही कल्पना चांगली. पण झडपेच्या खाचेत चुरा आणि कोंडा साठतो, त्यामुळे झडप पूर्ण मिटत नाही, आणि लाल भुंगेरा नेमका या चुऱ्यावर वाढतो. सोंडे अख्खा दाणा पोखरतात. लाल भुंगेऱ्याला पीठ आणि फुटका दाणा लागतो. म्हणजे वरून धान्य ठणठणीत आणि खालच्या तोंडाशी वळवळ, असा प्रकार होतो. तोंडाची कोठी घेतलीच असेल तर दर वेळी दाणे काढल्यावर खाच जुन्या टूथब्रशने साफ करा आणि झडपेवर चिकटपट्टी लावा. आम्हाला विचाराल तर बिनतोंडाची, वरून उघडणारी घ्या, स्वस्तही पडते.

कोठी थेट फरशीवर टेकवू नका. गार फरशीमुळे तळाचा पत्रा गार राहतो, धान्यातली वाफ तिथे येऊन थांबते आणि तळाच्या दोन बोटं थराची ढेप होते. खाली लाकडी पाट किंवा विटा, भिंतीपासून हातभर अंतर, आणि जागा घरातली. गॅलरीत पश्चिमेचं ऊन खाणारी कोठी दिवसा तापते, रात्री निवते, आणि झाकणाच्या आतून पाणी धरते. अशा कोठीत मे महिन्यात कडकडीत वाळवून भरलेल्या गव्हालाही ऑगस्टात वरच्या थराला बुरशी आलेली दिसते, आणि दोष गव्हाच्या व्यापाऱ्याला मिळतो. मीठ, चिंच, आमसुलं, गूळ यांपैकी काहीही जस्ताच्या पत्र्यात ठेवायचं नाही. आंबट आणि खारट पदार्थ जस्त खातात आणि ते पोटात जातं. त्यांना चिनी मातीची बरणी किंवा काच.

स्टीलच्या कोठीबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. गंजत नाही, दिसायला छान, किंमत काही पट. झाकण पत्र्याच्या कोठीइतकंच ढिलं असतं, त्यामुळे किड्यांच्या बाबतीत फरक शून्य. १० ते १५ किलोचा स्टीलचा डबा मात्र रोजच्या वापराचं भांडं म्हणून उत्तम. मोठी स्टीलची कोठी लग्नात आहेर म्हणून आली तर ठेवावी, विकत घेऊ नये.

प्लास्टिकचा पिंप, म्हणजे निळा ड्रम, याला नाकं मुरडली जातात. शहरातल्या फ्लॅटसाठी मात्र आम्ही पहिला क्रमांक त्यालाच देतो, एका अटीवर: नवा आणि खाद्यपदार्थांसाठी बनवलेला हवा. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा आणि पेला-काट्याची खूण असते, ती पाहा. भंगारवाल्याकडचा धुतलेला ड्रम कितीही स्वस्त असला तरी नको. त्यात आधी काय होतं ते कोणी सांगत नाही, आणि प्लास्टिकने शोषलेलं रसायन साबणाने निघत नाही. पूर्ण तोंड उघडणारा, झाकणाला रबरी कडं आणि बाहेरून लोखंडी पट्टीची खिटी असलेला ड्रम घ्या. फिरकीच्या झाकणाचे ड्रम दोन-तीन वर्षांत आटे झिजून ढिले होतात. तपासणी अशी: आत लिटरभर पाणी घालून खिटी लावा आणि ड्रम तासभर आडवा ठेवा. झाकणाशी थेंब आला तर दुकानदाराला परत. घरी आणल्यावर दोन दिवस उन्हात उघडा वाळवा.

५० किलो गव्हाला ६५ लिटरचा ड्रम पुरतो, आणि तो काठोकाठ भरा. अर्धा रिकामा ड्रम म्हणजे आतल्या किड्यांना अर्धा ड्रम हवा. भरलेल्या आणि घट्ट मिटलेल्या भांड्यात किडे आणि दाणे मिळून प्राणवायू संपवतात, तो ५ टक्क्यांच्या खाली गेला की किडे खायचं थांबवतात आणि पुढे मरतात. रबरी कड्याचा ड्रम हे बऱ्यापैकी साधतो, कोठी साधत नाही. ड्रमची एकच खोट, उंदीर. गुळगुळीत अंगाला त्यांचे दात लागत नाहीत, पण झाकणाच्या काठाला लागतात. खाली चाळ किंवा गोदाम असेल तर पत्र्याचीच कोठी बरी.

आता हवाबंद पिशवी. तिचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने कॅमेरूनमधल्या चवळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी तयार केला. ‘पिक्स’ या नावाने ती ओळखली जाते. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. इतर कंपन्यांच्या एकाच अस्तराच्या, हवा अडवणाऱ्या थराच्या पिशव्याही मिळतात. कडधान्यासाठी आम्हाला यापेक्षा सरस काही दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. मूग, मटकी, चवळी, हुलगा यांचा भुंगा शेतातूनच येतो. शेंगेवर किंवा दाण्यावर अंडं चिकटवतो, अळी दाण्यात शिरते, आणि आपण वाळवून, निवडून, चकचकीत डब्यात भरलेल्या मुगाला महिन्याभराने गोल भोकं पडतात. झाकणातून काही आत आलेलं नसतं. ते आत होतंच. दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी समजा. या किड्याला आतच कोंडून प्राणवायू तोडणं हा बिनऔषधाचा उपाय आहे.

पिशवी बांधण्यातच बहुतेकांचं चुकतं. धान्य आतल्या पिशवीत भरून बाजूंनी थापटून हवा काढायची, उरलेलं तोंड घट्ट पिळायचं, पीळ दुमडायचा आणि दुमडलेल्यावर सुतळी आवळायची. मग दुसऱ्या पिशवीचं तोंड वेगळं पिळून, दुमडून, बांधायचं. मग पोतं. तिन्ही तोंडं एकत्र एका गाठीत बांधली तर पिशवी साध्या पोत्याइतकीच चालते. निदान दोन महिने उघडायची नाही. टोकदार काडी किंवा भुसकट आत राहिलं तर अस्तराला भोक पडतं, म्हणून आधी चाळा. गव्हाला लागणारा छोटा दाणे पोखरणारा भुंगेरा कधी आतून प्लास्टिकही पोखरतो. रिकामी झालेली पिशवी फुगवून उजेडात धरली की कळतं. भोक नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा चालते. उंदरांपुढे ती टिकत नाही, तेव्हा पिशवी कोठीत ठेवणं ही सगळ्यात भक्कम जोडी.

परदेशात राहणारी मंडळी चकचकीत अस्तराच्या पिशव्या आणि प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या वापरतात, त्या इथेही ऑनलाइन मिळतात. पांढऱ्या तांदळाला छान. हातसडीच्या तांदळाला उपयोग कमी, कारण कोंड्यातलं तेल खवट होतंच. साखरेच्या डब्यात ती पुडी टाकू नका, साखरेची वीट होते.

भांडं कोणतंही असो, दाणा वाळलेला नसेल तर सगळं फुकट. घट्ट भांड्यात तर जास्तच, कारण ओलावा बाहेर पडायला वाट नसते आणि धान्याला आंबूस वास धरतो. वर्षभर ठेवायच्या गव्हा-ज्वारीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत, कडधान्यात १० च्या आसपास हवा. घरची चाचणी दाताची: गहू दाढेखाली ‘कट्’ करून दुभंगला पाहिजे, चेपता कामा नये. दुसरी मिठाची: कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा धान्य आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवा, पाव तास थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं म्हणून लगेच भरू नका. ही चाचणी फक्त फार ओलं धान्य पकडते.

ऊन दोन दिवस द्या, थर दोन बोटांपेक्षा जाड नको, दर तासा-दोन तासांनी हात फिरवा. संध्याकाळी घरात घेऊन पूर्ण निवू द्या आणि मगच भरा. तापलेलं धान्य तसंच बंद केलं की वाफ झाकणाला लागून परत खाली टपकते. तांदळाला कडक ऊन देऊ नका, दाणा तडकतो आणि भाताचा चिखल होतो, सावलीत पसरा. फ्लॅटमध्ये गच्ची नसेल तर डाळी-कडधान्यं दोन-दोन किलोच्या बंद पिशव्यांत चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. अंडी-अळ्यांसह सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत फोडू नका, नाहीतर गार दाण्यावर पाणी सुटतं.

औषधांबद्दल स्पष्ट लिहितो. पाऱ्याच्या गोळ्या किंवा पारद टिकडी अजूनही किराणा दुकानात मिळते. पाऱ्याची वाफ विषारी आहे, ती स्वयंपाकघरात नकोच. ‘सल्फासची गोळी’ म्हणून जी मिळते ती अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. राहत्या घरात ती कोणत्याही कारणाने वापरू नये. बोरिक पावडर निरुपद्रवी समजली जाते, पण डाळ-तांदूळ आपण धुतो, गहू धुऊन दळायला नेत नाही. पावडर थेट कणकेत जाते. कडुलिंबाचा पाला चालतो, मात्र सावलीत कुरकुरीत वाळवलेला. ओला पाला घालणं म्हणजे पैसे न देता ओलावा घालणं. तो किडे दूर ठेवतो, आत असलेले मारत नाही. एरंडेल हे डाळींसाठी खरोखर उपयोगी: १० किलोला ५० मिली, तळहाताला चोळून दाण्याला पुसट चकाकी येईल इतकंच. तेलाने अंडं दाण्याला धरत नाही आणि धरलेल्याचा श्वास कोंडतो. गव्हाला क्विंटलमागे पाव ते अर्धा लिटर पुरे. जास्त लावलेला गहू जात्याला चिकटतो आणि गिरणीवाला कुरकुर करतो.

तर खरेदी अशी करावी. चौघांच्या शहरी घराला ६५ लिटरचे तीन ड्रम, गव्हाचे दोन आणि शाळूचा एक; रोज १२ पोळ्या होत असतील तर गव्हाचे तीन. कडधान्यांना २५-५० किलोची एक-दोन हवाबंद पिशवी, शेजाऱ्यांत वाटून घेतली तरी चालेल. आणि १५ किलोचा एक स्टीलचा डबा, जो महिन्यातून एकदा भरायचा आणि ज्याच्यातूनच दळण काढायचं. मोठा ड्रम वर्षातून पाच-सहा वेळाच उघडला जातो. गावाकडे, उंदीर-घुशींच्या घरात, बिनतोंडाच्या १०० किलोच्या दोन पत्र्याच्या कोठ्या आणि आत पिशव्या.

बेगमी दाण्यात ठेवा, पिठात नको. बाजरीचं पीठ आठवड्यात कडवट होतं, कारण बाजरीत तेल जास्त. ज्वारीचं शिळं पीठ भाकरी थापताना कडेने चिरतं. ज्वारी साठवायची ती रब्बीचीच, मालदांडी, मंगळवेढा-सोलापूर भागातली. खरिपाची पावसात भिजलेली काळसर ज्वारी कोणत्याही भांड्यात टिकत नाही. शेंगदाणे सोललेले न घेता शेंगाच घ्या, आणि बुरशी आलेला, सुरकुतलेला, कडवट दाणा टाकूनच द्या. त्यातलं विष भाजून जात नाही.

साठ्यावर जेवायचं तर भाजी महाग असलेल्या श्रावण-भाद्रपदात कामाला येतात ते अगदी साधे पदार्थ. हुलग्याचं माडगं घ्या. हुलगे मंद आचेवर खमंग भाजून, गार करून दळून ठेवायचे. चार मोठे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, तीन वाट्या उकळत्या पाण्यात सोडायचं, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घालून सतत ढवळत दहा मिनिटं उकळायचं. पाच मिनिटांत उतरवलं तर कच्चट तुरट लागतं, आणि ‘आमच्या घरी कोणाला आवडत नाही’ ही तक्रार बहुधा इथून सुरू होते. दोन माणसांचं भाकरीबरोबरचं कालवण होतं. ज्वारीच्या कण्या अर्धा तास भिजवून वाटीला पाच वाट्या पाणी, मऊ शिजल्यावर ताक. रात्रीचं जेवण एवढ्यात भागतं.

सांडगे मात्र उन्हाळ्यात नीट वाळवलेले हवेत. बोटांत दाबून चेपला तर आत ओला आहे, तो पावसाळ्यात बुरशी धरणार. १०० ग्रॅम सांडगे थोड्या तेलावर तांबूस परतून, दुप्पट-तिप्पट पाण्यात १२ मिनिटं शिजवले की तिघांची भाजी होते. रोज असंच खाल्लं तर ताज्या भाजीतलं क जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा मूग-मटकीला मोड आणा. हवाबंद पिशवीतल्या दाण्याची उगवण वर्षानेही चांगली राहते, आणि पिशवीच्या बाजूने हा एक मोठा मुद्दा आहे.

दोन वर्षांपूर्वीचं कडधान्य मात्र कशातही ठेवलेलं असो, कुकरमध्ये सात शिट्ट्यांनंतरही टणक राहू शकतं. उष्ण दमट जागेत राहिलेल्या दाण्याचं असं होतं. रात्रभर पाणी आणि लिटरला चमचाभर मीठ घालून भिजवा, ते पाणी ओतून ताज्या पाण्यात शिजवा, आमसूल किंवा टोमॅटो शिजल्यावरच घाला. तरीही नाही शिजलं तर भाजून गिरणीतून भरडून आणा आणि पिठल्याला वापरा.